कथलाची फौज

दिवाळीत ज्याने अंगणात मातीचा किल्ला केला नाही त्याचे बालपण फुकट गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. अळीव पेरून, कुंभारवाड्यातले मावळे मांडून मी कितीतरी प्रतापगड उभारले आहेत. म्हणूनच जर्मनीत मुलीकडे गेलो असता "बाबा, कुल्मबाखला चला, तिथे तुमच्याजोगी गंमत आहे," असे ती म्हणाली, तेव्हा मुकाट्याने आगगाडीत बसलो.

उत्तर बव्हेरियातले हे टुमदार गाव बिअरसाठी प्रसिद्ध. डोंगरावर प्लासेनबुर्ग किल्ला, आणि किल्ल्यात कथलाच्या चिमुकल्या सैनिकांचे संग्रहालय! तीन लाखांच्या घरात मूर्ती; बहुतेक जेमतेम दीड पेराच्या आणि पुठ्ठ्यासारख्या चपट्या. पाटीच्या दगडात कोरलेल्या साच्यांत त्या ओततात. त्यांना गोलाई येते ती रंगाऱ्याने कुंचल्याने दिलेल्या छायेमुळे.

गावात दर दोन वर्षांनी या मूर्तींची जत्रा भरते. आम्ही नेमके तेव्हाच पोचलो. एक वृद्ध गृहस्थ डोळ्याला भिंग लावून प्रशियाच्या फ्रेडरिक राजाची पलटण रंगवीत होते. फासे टाकून टेबलावर खेळायच्या लढाईसाठी! कोट सर्वांचे निळे. पलटणी ओळखायच्या त्या कॉलर आणि बाह्यांच्या रंगांवरून.

"टोरगाऊची लढाई. ३ नोव्हेंबर १७६०," ते म्हणाले.

"त्यानंतर बहात्तराव्या दिवशी आमचे पानिपत झाले," मी म्हणालो. मुलगी दुभाषी होतीच.

"असे? मग आपल्या स्वारांचे कपडे कोणत्या रंगाचे होते?"

मी गप्प! आमच्या घराण्यातला एक पुरुष पानिपतावर राहिला, असे आजी सांगे. त्याचे नावही कुणाला ठाऊक नव्हते. मग कपडे कुठले? सव्वा लाख बांगडी फुटली, एवढे मात्र आम्हांला पाठ!

"आमच्या स्वारांना गणवेश नव्हता," मी कसेबसे म्हणालो. "ज्याचे त्याचे पागोटे, ज्याचा त्याचा रंग."

गृहस्थांनी कुंचला खाली ठेवला. "मग आपली फौज रंगवणे कठीण. एकावरून दुसरा रंगवता येणार नाही. प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागेल."

निघताना मी एक बिनरंगी घोडेस्वार विकत घेतला.

पुण्याला परतल्यावर तीन रात्री खपून तो रंगवला. तांबडे पागोटे, मळकट पांढरा अंगरखा. रंग खरे की खोटे, देव जाणे! यंदा नातवाच्या किल्ल्यावर त्याला उभा केला.

"आजोबा, हा कोण?" नातवाने विचारले.

"हा आपल्या घरचा," मी म्हणालो, आणि त्याच्यापुढे एक पणती ठेवली.