मुळातली नस ठेवायची

सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ कुठलाही दात पाडून येत नाही. दुधाच्या दाढांच्या मागे ती गुपचूप उगवते, त्यामुळे घरात सगळ्यांना ती दुधाचीच वाटते. मुलाला घेऊन आलेली आई मला म्हणते, "पडणारच आहे ना डॉक्टर, काढून टाका." पण ही दाढ पडणार नसते. तिची मुळंही अजून पुरी झालेली नसतात; टोकं बंद व्हायला दाढ उगवल्यापासून सुमारे 3 वर्षं लागतात. नेमकी याच काळात कीड खोल जाते, नस सुजते आणि मूल रात्री ठणक्याने रडत उठतं.

मी शिकत होते तेव्हा अशा दाढेबद्दल ठाम दंडक होता. आपोआप ठणकते, गार लागल्यावर कळ बराच वेळ टिकते, म्हणजे नस गेल्यात जमा. ती पूर्ण काढायची, रूट कॅनाल करायचं. मोठ्या माणसाला हे चालून जातं. मुलाच्या दाढेत मात्र मुळाच्या भिंती पातळ आणि टोक उघडं असतं, आणि नस काढली की भिंतींची वाढ तिथेच थांबते. टोक बंद व्हावं म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइड महिनोन्‌महिने भरून ठेवत. त्यानेच मूळ ठिसूळ होतं, हे आंद्रेआसेन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं. आता एमटीए नावाच्या सिमेंटने टोक एक-दोन भेटींत बंद करता येतं, पण पातळ भिंत पातळच राहते.

म्हणून माझा कल पल्पॉटॉमीकडे आहे. वरच्या पोकळीतली सुजलेली नस काढायची, मुळांतली ठेवायची. स्वीडनमध्ये स्वेक यांनी 1978 मध्ये मार लागून तुटलेल्या पुढच्या दातांत वरवरची थोडीशीच नस काढून उरलेली जगवली होती. किडलेल्या दाढेत तेवढ्यावर थांबायला मी सहसा धजत नाही. सूज कुठवर उतरली आहे ते बाहेरून कळत नाही.

खरा निर्णय दाढ उघडल्यावर होतो. त्याआधी भूल. सुजलेल्या खालच्या दाढेला ती लवकर चढत नाही, आणि ती चढल्याशिवाय मी ड्रिल हातात घेत नाही. त्या वयात बसलेली भीती जन्मभर राहते. रबर डॅम, म्हणजे दाढेभोवती रबराचा पडदा, लावून वरची नस काढली की रक्त भळाभळा येतं. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलकेच दाबायचा आणि घड्याळ बघायचं. पाच-सहा मिनिटांनी बोळा उचलल्यावर प्रत्येक मुळाच्या तोंडाशी ओलसर गुलाबी ठिपका दिसला आणि रक्त थांबलेलं असलं, तर ती नस जगेल असा भरवसा वाटतो. गडद रक्त पाझरतच राहिलं, किंवा एखादं तोंड कोरडं निघालं, तर तिथे आग्रह धरू नये.

त्या ठिपक्यांवर बायोडेंटिन हे सिमेंट घालते. ते साधारण 12 मिनिटांत घट्ट होतं. एमटीएला काही तास लागतात आणि दात काळवंडतो. वरचं सील मजबूत हवं, बहुधा स्टीलची कॅप. सील गळलं तर आतली सगळी मेहनत वाया.

"अर्धीच नस काढली म्हणजे अर्धंच काम झालं की!" असं पालक म्हणतात. त्यांचं चुकत नाही. इतकी वर्षं आम्हीच त्यांना पूर्ण नस काढायला सांगत आलो. पण इराणमध्ये सईद अस्गरी आणि सहकाऱ्यांनी पूर्ण वाढलेल्या दाढांवर दोन्ही उपचार तोलून पाहिले, आणि 5 वर्षांनंतरही पल्पॉटॉमी रूट कॅनालच्या मागे पडली नव्हती. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडॉन्टॉलॉजीनेही 2019 मध्ये ठणकणाऱ्या दाढेसाठी हा मार्ग मोकळा ठेवला. पुढे नस मेलीच, तर रूट कॅनाल करता येतं. कधीकधी आतली वाट चुन्याने बुजते आणि ते अवघड जातं, हेही मी पालकांना आधीच सांगते. तोवर मूळ लांब आणि जाड झालेलं असलं, तर दाढेचं आयुष्य वाढलेलंच असतं.

पालकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. दुखणं थांबलं म्हणून येणं थांबवू नका. सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतरही दरवर्षी एक्स-रे काढून घ्या, कारण नस आतल्या आत मेली तर दाढ दुखेलच असं नाही.