‘खूप’ या शब्दाच्या पुढे

निबंध म्हणजे विशेषणांची आरास, असा समज आपल्या घरांत रुजलेला आहे. मुलाने ‘निसर्गरम्य’, ‘विहंगम’ असे शब्द योजले की पालक सुखावतात. वस्तुतः वर्णन कशाला म्हणतात, हे व्यापारी कुटुंबांना कोणी शिकवायला नको. कापसाचा सौदा करणारा ‘माल छान आहे’ एवढ्यावर पैसे मोजत नाही. धाग्याची लांबी, ओलावा आणि कचरा पाहून भाव ठरवतो. बँकेतही हाच अनुभव येई. तपासणी अहवालात ‘साठा भरपूर’ असे लिहिलेले असले, तर त्यावरून काहीच ठरत नसे. १७० किलोच्या गाठी किती, कोणत्या गोदामात, विमा किती रकमेचा, हे कळले म्हणजे कर्जाचा निर्णय घेता येई.

निवृत्तीनंतर जाम येथे शेजारची काही मुले माझ्याकडे लेखनाच्या सरावासाठी येतात. गावाभोवती कापसाची शेते आहेत. एका मुलाने लिहिले, ‘माझी आई खूप कष्ट करते.’ मी ते वाक्य खोडले नाही. एवढेच विचारले, ‘ते कष्ट तुला कुठे दिसतात?’ दुसऱ्या दिवशी त्याने लिहून आणले : वेचणीच्या दिवसांत सुकलेल्या बोंडांची टोके आईच्या बोटांत रुततात, रात्री ती बोटांना तेल लावते, त्या दिवसांत भाजीत मीठ मात्र ती मला घालायला लावते. ‘खूप’ हा शब्द आता कुठेच नव्हता. शब्द शोधण्याच्या निमित्ताने त्याने आईचे हात नीट पाहिले होते.

आपल्या जिल्ह्याला ही दृष्टी नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने नयी तालीमचा जो आराखडा तयार केला, त्यात मातृभाषेच्या उद्दिष्टांमध्ये रोजच्या घटनांचे सोप्या, शुद्ध भाषेत लेखी वर्णन आणि साधा व्यावहारिक पत्रव्यवहार यांचा समावेश होता.

तेव्हा पालकांनी तयार निबंध पाठ करवून घेण्याऐवजी मुलांना विचारावे : किती? कुठे? कसे? त्यामुळे काय झाले? उत्तरांतील जे मुद्द्याला बळ देईल तेवढेच ठेवावे, उरलेले गाळावे. पावसात भिजलेल्या मालाच्या विम्याचा दावा लिहिण्याची वेळ उद्या याच मुलांवर येणार आहे. ‘फार नुकसान झाले’ एवढ्याने तेथे भागणार नाही.