राऊटरशिवाय टीव्ही

घरात इंटरनेटची तार नसेल तर फोनातलं टीव्हीवर दिसणार नाही, असं चेंबूरच्या आमच्या इमारतीत बहुतेकांना वाटतं. आम्ही सगळे फोनच्या डेटावर भागवणारे. दुकानदारही आधी ब्रॉडबँड घ्या म्हणतो.

गरज नाही. २०१२ साली आलेलं मिराकास्ट फोन आणि टीव्ही यांना वाय-फायच्या लहरींनी थेट जोडतं. मध्ये राऊटर नको, डेटाही खर्च होत नाही. टीव्हीवर ‘स्क्रीन मिररिंग’ चालू करायचं, फोनात ‘स्मार्ट व्ह्यू’ किंवा ‘कास्ट’मध्ये टीव्हीचं नाव निवडायचं. सगळ्या फोनांत ही सोय नसते, आयफोनची तऱ्हाही वेगळी. विकत घेण्याआधी विचारावं.

मला हे शोधावं लागलं अब्बांमुळे. ते गेले त्याच्या आदल्या मे महिन्यातला, दापोलीच्या अंगणात फणस फोडतानाचा चार मिनिटांचा व्हिडिओ माझ्या फोनात आहे. अम्मीला मोतीबिंदू. फोनवर तिला अब्बांचा आवाज तेवढा कळायचा. टीव्हीवर लावला तशी ती उठून अगदी पडद्याजवळ गेली. “हाताला तेल लावलंच नाही बघ, सगळा चीक!” पाच वेळा लावायला लावला.

कंपन्यांचे सिनेमे मात्र अनेकदा नुसते काळे दिसतात. त्यांना कॉपीविरोधी कुलूप असतं. घरच्या व्हिडिओला कसलं कुलूप? कुवेतच्या बहिणीचा व्हिडिओ कॉलही टीव्हीवर येतो. त्याला डेटा लागतो, आणि कॅमेरा फोनचाच. अम्मी टीव्हीकडे तोंड करून बोलते, बहिणीला दिसतो तिचा कान.