पडवीतली बैठक

पुणे, आषाढ शुद्ध एकादशी, शके १९४४

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तंटामुक्ती समितीचे अध्यक्षपद पत्करताच पहिला मामला आपल्याच भावकीचा यावा, हे तुझे दुर्दैव खरे. २०२० च्या मे महिन्यात, करोनाच्या साथीत, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना वेशीवर अडवून चौदा दिवस शाळेत ठेवले, त्यावरून दोन वाड्यांचे जाणेयेणे अद्याप बंद आहे आणि दोष कोणाचा ठरवावा, असे तू विचारतोस. तो ठरवण्याच्या भरीसच पडू नकोस.

का, ते एका जुन्या साथीवरून सांगतो. १८९७ साली पुण्यात प्लेगाचा बंदोबस्त रँडसाहेबाकडे आला, तेव्हा साथ आटोक्यात आणण्याचा त्याचा हेतू खोटा होता असे मी म्हणणार नाही. परंतु गोरे शिपाई माजघरात, देवघरात शिरून झडत्या घेऊ लागले तेव्हा लोकांना रोगाहून बंदोबस्ताचीच दहशत अधिक वाटू लागली, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली त्याच्या मुळाशी हा अवमान होता. त्यापुढे खटले झाले, फाशीची शिक्षा झाली, टिळक तुरुंगात गेले. तरी पुढल्याच वर्षी मुंबईत प्लेगाच्या तपासणीवरून दंगा उसळला तो उसळलाच.

याच प्रकरणातले गोपाळ कृष्ण गोखले मला तरुणपणी मुळीच रुचत नसत (आपले घर टिळकपक्षाचे!). मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी विलायतेत शिपायांवर आरोप केले. परतल्यावर पुरावा हाती येईना, तेव्हा त्या मित्रांची नावे न सांगता त्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि शहराची निंदा मुकाट्याने सोसली. पुढे तेच गोखले प्लेगाच्या कामात स्वयंसेवक म्हणून राबले. ती माफी भेकडपणाची नव्हती, हे समजायला मला साठी उलटावी लागली.

म्हणून जबान्या घेऊ नकोस. जवळ इस्पितळ नसलेल्या गावाचे भय खरे होते, हे चाकरमान्यांना ऐकू दे. पण त्याआधी, बापाच्या वयाच्या माणसापुढे पाण्याची कळशी काठीने सरकवली गेली, हे गावाने स्वतःच्या तोंडाने म्हटले पाहिजे. चौदा दिवस त्यांनी निमूट काढले असतील, ती काठी मात्र विसरली जात नाही. मीही त्या वर्षी सख्ख्या भावाला दाराच्या फटीतूनच परत पाठवले होते, हे तू बैठकीत माझ्या नावानिशी सांगितलेस तरी हरकत नाही.

बैठक शाळेत नको. ज्यांना कळशी तशी मिळाली त्यांच्याच पडवीत, गणपतीपूर्वी घे, आणि पाणी त्यांच्या हातचे मागून पी.

तुझा,
काका