छाती अजून वाढायची आहे

कल्याण-डोंबिवलीत मुलाचा खोकला महिनाभर हटला नाही की शंका येते टीबीची, नाहीतर बाळदम्याची. दोन्ही शंका रास्तच असतात. पण एक्स-रेवर पांढरी सावली दिसली, की बालशल्यचिकित्सक म्हणून मी आधी ती नेमकी कुठे आहे हे पाहतो.

दोन फुप्फुसांमधल्या जागेत पुढच्या गाठी वेगळ्या, मागच्या वेगळ्या. पुढे लिम्फोमा आणि टेराटोमा. मागे, मणक्यांना लागून, मज्जातंतूंच्या गाठी: लहानग्यांत न्यूरोब्लास्टोमा, मोठ्या मुलांत बरेचदा साधा, संथ वाढणारा गँग्लिओन्यूरोमा. तान्ह्या बाळाच्या एक्स-रेत कधी शिडाच्या आकाराची सावली दिसते आणि सारं घर हादरतं. ती बहुधा निरोगी थायमस ग्रंथी असते. तिला हात लावायचा नसतो.

लिम्फोमा बरा होतो तो औषधांनी. माझं काम तपासणीसाठी तुकडा काढून देण्यापुरतं. तेही जपून. पुढची मोठी गाठ श्वासनळीवर रेललेली असते. जागं मूल स्वतःच्या जोरावर श्वास ओढतं. भूल देऊन उताणं निजवलं की स्नायू सैलावतात आणि श्वासनळी दबू शकते. म्हणून मानेतली गाठ, छातीतलं पाणी, बोन मॅरो, जिथून कमी धोक्यात निदान मिळेल तिथूनच ते घ्यायचं. पुढच्या उपचारांसाठी इथली बरीच कुटुंबं लोकलनं परळ गाठतात: १९२९ सालचं वाडिया रुग्णालय किंवा १९४१ सालचं टाटा.

मागच्या गाठींत शस्त्रक्रियेला खरा वाव असतो, पण त्याही आधी सीटी, लघवीतल्या व्हीएमएची तपासणी आणि मणक्यांच्या फटीतून गाठ मज्जारज्जूपर्यंत शिरली आहे का, हे पाहण्यासाठी एमआरआय. न्यूरोब्लास्टोमा मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसला असेल तर आधी केमोथेरपी. गाठ आक्रसली की मग शस्त्रक्रिया. आत जाताना स्नायू शक्यतो कापायचे नाहीत, बाजूला सारायचे. शिवताना बरगड्या एकमेकींवर आवळायच्या नाहीत. त्या जुळून आल्या तर मूल वाढेल तसा कणा एका बाजूला वाकू शकतो. छातीच्या अगदी वरच्या टोकाला एक मज्जातंतू दुखावला, तर त्या बाजूची पापणी कायमची खाली येऊ शकते.

बाहेर आल्यावर आईवडील विचारतात, ‘‘डॉक्टर, गाठ पूर्ण काढलीत ना?’’ कधीकधी ‘नाही’ म्हणावं लागतं. मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या धमनीला चिकटलेला गँग्लिओन्यूरोमाचा लहानसा भाग मी ठेवतो आणि ठरावीक काळानं त्याची तपासणी करतो. तो भाग ओढून काढण्याच्या हट्टापायी मुलाचे पाय लुळे पडू शकतात. हे आईवडिलांना आधीच, चित्र काढून, सांगितलेलं असावं. मुलाला या छातीनिशी अजून मोठं व्हायचं आहे, मैदानावर धावायचं आहे. माझ्या टाक्यांचा हिशोब त्या वर्षांत लागतो.

आमच्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: औषधाला न जुमानणाऱ्या खोकल्याचा एकदा तरी एक्स-रे काढा, आणि तो पाहिल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करू नका, त्यानं लिम्फोमा तात्पुरता दबतो आणि निदान हुकतं. चेहरा सुजलेलं, आडवं होताच गुदमरणारं, बसूनच झोपणारं मूल दिसलं, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी पाठवा.