तवा आणि माती

"अगं, दोन्ही काळेच की!" लातूरहून लेकीकडे अमेरिकेत, एडिसनला आलेल्या आजी माझ्या हातातल्या रंगपट्ट्या बघून म्हणाल्या. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं.

शेर्विन-विल्यम्सचे हे दोन रंग, आयर्न ओअर आणि अर्बेन ब्राँझ. पडलेल्या उजेडातला जेमतेम 6 टक्के पहिला परत देतो, दुसरा 8. एवढ्याशा फरकासाठी गिऱ्हाईक मला पैसे का मोजतं, कोण जाणे. पण गडद रंगांचं भांडण काळेपणावरून नसतंच, पोटात काय दडलंय यावरून असतं. आयर्न ओअर कोळशासारखा, फारसा कुठेच न झुकणारा. ब्राँझच्या पोटात तपकिरी आहे. ढगाळ दिवशी तो किंचित हिरवटही वाटतो.

कंपनीने अर्बेन ब्राँझला 2021चा 'वर्षाचा रंग' ठरवलं आणि निव्वळ हट्टापायी मी माझ्या अभ्यासिकेला आयर्न ओअर दिला. खोली उत्तरेकडची. जानेवारीत साडेचारलाच तिची विहीर व्हायची.

तेव्हापासून पट्टीवर माझा भरवसा नाही. पांढऱ्या कागदावरचा गडद चौकोन असतो त्याहून काळा दिसतो. मी दोन फुटी फळ्या रंगवून नेते. गडद रंगाच्या बेसमध्ये पांढरं टिटॅनियम डायऑक्साइड जवळपास नसतंच, त्यामुळे पहिला हात ओल्या फडक्याने पुसल्यासारखा उतरतो. खाली राखाडी प्रायमर नसेल तर तिसऱ्या हाताची तयारी ठेवायची.

आजींच्या लेकीकडेही फळ्या भिंतीला टेकवल्या. बाहेरच्या बर्फाच्या उजेडात आयर्न ओअर निळसर, गार पडला. ब्राँझने ऊब धरून ठेवली. पण त्या भिंतीपुढे देवघर यायचं होतं. संध्याकाळी पिवळे दिवे लावून समई दोन्हींपुढे ठेवून पाहिली. ब्राँझपुढे पितळ हरवलं, दोघं एकाच घरातले. आयर्न ओअरपुढे मात्र समई अशी उठून आली, की मी मनातल्या मनात डब्यांचा हिशेबही करून टाकला.

आजी बराच वेळ बघत होत्या. "हा तवा," त्या म्हणाल्या, "आन् ही आमच्या रानातली माती, पाऊस पडून गेल्यावरची. देव काय तव्यापुढं बसवायचे?"

लेकीने ब्राँझ घेतला. समईमागे निदान एखादी फिकट टाइल लावू, असं मी सुचवून पाहिलं.

"घासून लख्ख ठेवली की दिसती समई," आजी म्हणाल्या.