नाही म्हणता येतं तोवर

‘आमच्यात कोणी वृद्धाश्रमात जात नाही,’ हे मी अगदी छातीठोकपणे सांगायचे. त्यात थोडा परळच्या चाळीचा माजही होता. दहा बाय बाराच्या खोल्या, सामाईक गॅलरी, दिवसभर उघडी दारं. म्हातारं माणूस सकाळी नळावर दिसलं नाही, तर शेजारीण लगेच आत डोकावणार. के.ई.एम. तर १९२६ पासून हाकेच्या अंतरावर. वेगळी सोय हवीच कशाला?

आमची आत्या तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. लग्न केलं नाही. उभा जन्म पालिकेच्या इस्पितळात नर्स म्हणून काढला. मागच्या पावसाळ्यात ती मोरीत घसरली. हाड वाचलं, पण तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून लाकडी जिन्यावरून उतरवायला चार जण हवे होते, आणि भर दुपारी मजल्यावर एकही तरणा हात नव्हता. १९८२च्या गिरणी संपानंतर कोणी विरार गाठलं, कोणी डोंबिवली. जे राहिले त्यांची पोरं दिवसभर ऐरोलीच्या ऑफिसात. इस्पितळ पाच मिनिटांवर, पण माणसं जमेपर्यंतच तास गेला.

तरी माझा हेका सुटेना. विषय काढला तो आत्यानंच. म्हणाली, “मला उचलून न्यायची वेळ यायच्या आधी, चालती आहे तोवर जागा दाखवून आणा.”

मग आम्ही जागा बघत हिंडलो. मी बघत होते बाग, देऊळ, भिंतींचा रंग. आत्या अंथरुणाला खिळलेल्या एका आजींशी गप्पा मारत बसली आणि बोलता बोलता तिनं त्यांच्या टाचा निरखल्या. बाहेर आल्यावर म्हणाली, “टाचांवर जखमा नाहीत. म्हणजे इथे कूस बदलतात.” दुसरीकडे तिनं पलंगाजवळची बेल दाबली आणि कोणी येईपर्यंत घड्याळ बघत राहिली. नाइटला किती माणसं असतात, हे तर सगळीकडेच विचारलं. एका ठिकाणी मासे वर्ज्य निघाले. “चार दिवस काढीन, जन्म नाही,” म्हणून तिनं ते नाव यादीतून तिथेच कापलं.

फिरताना कळलं, की ‘वृद्धाश्रम’ या एका नावाखाली आपण बरंच काही कोंबतो. पुण्यातली अथश्री संकुलं म्हणजे ज्येष्ठांसाठी बांधलेले फ्लॅट. साधे वृद्धाश्रम बहुधा स्वतःचं स्वतः करू शकणारं माणूसच घेतात. आंघोळ घालणारं, औषधं देणारं, भरवणारं माणूस जिथे मिळतं त्या जागा वेगळ्या, आणि त्यांचे दरही तब्येतीनुसार चढत जातात. त्यामुळे खरा प्रश्न आज काय मिळतं हा नाहीच. उद्या अंथरूण धरलं किंवा विसरायला झालं तर ठेवून घेणार, की ‘पेशंटला घेऊन जा’ म्हणून फोन करणार? डिपॉझिट किती परत? रात्री कोणत्या इस्पितळात नेणार? हे इस्पितळातून डिस्चार्ज मिळतो त्या दिवशी कोण विचारत बसतं? त्या दिवशी जिथे खाट रिकामी, ती जागा आपली.

खर्चाचंही तसंच. आरोग्यविमा इस्पितळाचं बिल देतो, महिन्याची राहण्या-सांभाळण्याची फी देत नाही. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाची कमाल रक्कम महिना १०,००० रुपये. जिल्ह्याजिल्ह्यात १५० जणांच्या आश्रमाची तरतूद आहे, ती निराधारांसाठी. मूलबाळ नसलेल्यांची जबाबदारी त्याच कायद्यानं मिळकतीच्या वारसांवर टाकली आहे. हे वाचून दाखवल्यावर आत्या हसली, “मग खोलीवर कोणाकोणाचा डोळा आहे, ते आत्ताच सांगा!”

माझ्या नकारात तिच्या काळजीपेक्षा चारचौघांत होणाऱ्या बोभाट्याची धास्ती जास्त होती, हे त्या हसण्यानंतर मला चांगलंच झोंबलं.

सगळ्यांनीच जावं, असं मी आजही म्हणणार नाही. कित्येक घरी दिवसभराच्या बाईवर निभावतं. पण न ठरवणं म्हणजे सांभाळणं, हे आता मला पटत नाही. आत्यानं स्वतःच्या हातानं कागद केलाय: एकटीला आंघोळ जमेनाशी झाली, किंवा एकच गोळी दोनदा घेतली गेली, की निघायचं. प्रत माझ्याकडे आणि चुलतभावाकडे, म्हणजे इस्पितळाच्या दारात आमची जुंपायला नको.

पुढच्या महिन्यात यादीतल्या एका ठिकाणी ती आठवडाभर राहून बघणार आहे. पसंत पडलं नाही तर परत येईल, आणि ते नाव कटाप.